मुंजाबाने भरलेली फी

टिप्या कुत्र्याची नोकरी ज्या गुरुवारी गेली, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुंजाबाच्या पालावर कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

भांडण नव्हतं, रीत होती. आक्काबाई लग्न होऊन आली तेव्हा सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. म्हणून जे सांगायचं ते ती कुत्र्याला सांगायची आणि मुंजाबा ऐकायचा. पुढे सासू-सासरे गेले, कुत्रीही बदलली, पण रीत राहिली. टिप्या या जागेवरचा तिसरा.

"टिप्या, सांग तुझ्या मालकाला, पैठणकडं कालव्याला पानी हाय, गुडघाभर चारा हाय. समदे भाऊबंद तिकडं गेले. आपुनच हितं हर्सुलात दगडं चाटीत बसलोय."

"टिप्या, तिला म्हनावं, बघू."

टिप्या आधी आक्काबाईकडे, मग मुंजाबाकडे पाहायचा, जांभई द्यायचा आणि निरोप पोचला असं समजलं जायचं.

हे 'बघू' दोन पावसाळे चाललं होतं. चिकलठाण्याकडे मेंढरं चरायची तिथे आता कारखान्यांची कुंपणं होती. वाळूजकडे चरायची तिथे भोंगे वाजत होते. उरलं होतं हर्सूलच्या तळ्याकाठचं खडकाळ माळरान. तिथेच मुंजाबा का अडून बसला होता, हे त्याने टिप्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. कारण साधं होतं. त्याची मुलगी राजाबाई तिथून चालत शहरातल्या कॉलेजात जायची. पैठणहून ती काही रोज चालत आली नसती.

राजाबाईही याच रीतीत वाढलेली. पेनातली शाई संपली की ती एखाद्या कोकराला म्हणायची, "शाई संपली बघ रं," आणि पुढच्या बाजाराला शाईची बाटली यायची. पण या वेळची गोष्ट तिला कोकराजवळही बोलता येईना. कॉलेजच्या फळ्यावर तिचं नाव लागलं होतं. शुक्रवारपर्यंत फी आली नाही तर पटावरून कमी. फीची सवलत मिळायला तलाठ्याचा दाखला लागतो, आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाचा तलाठी कोणता, यावर फुलंब्रीचे आणि हर्सूलचे तलाठी एकमेकांकडे बोट दाखवत होते. नाव गेलं की पैठण. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गप्प होती.

त्यातच वादविवाद स्पर्धा आली. विषय होता, 'शासनाने महाविद्यालयीन शिक्षण सर्वांना मोफत करावे.' शहरात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी, असं करत स्पर्धा दोनदा पुढे गेली होती आणि आता गुरुवारी सकाळी एकदाची होणार होती. स्पर्धेचे प्रमुख अर्थशास्त्राचे नानासाहेब सर. फुलंब्रीचे, घरची मोठी शेती. वर्गात ते छापील मराठी बोलत, पण चिडले की त्यांची भाषा तडक फुलंब्रीला जाई. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. फी थकलेल्या राजाबाईच्या वाट्याला नेमकी विरोधातली बाजू आली.

"सर, फी असायला पाहिजे असं मी बोलू?"

"वक्ता म्हणजे वकील, राजाबाई. आपलं मत घरी ठेवायचं. भाषण मी लिहून देतो. तू फक्त जमावासमोर सराव कर."

राजाबाईला उपलब्ध असलेला एकच जमाव मेंढरांचा होता. बुधवारी दुपारी ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि शिंगं वळलेल्या म्हाताऱ्या एडक्याकडे हात करून कडाडली, "ज्याची फी थकली आहे, तो विद्यार्थी वर्गात मान खाली घालून बसतो! हा दोष कुणाचा? पालकाचा! जो पालक मुलांच्या शिक्षणासाठी घामाचा एक थेंबही द्यायला तयार नाही, तो पालक कसला? फी भरलीच पाहिजे!"

एडका रवंथ करत राहिला. पालाच्या मागे लोकर कातरत बसलेल्या मुंजाबाच्या हातातली कातर मात्र थांबली.

एरवी कुणाला हे नुसतं भाषण वाटलं असतं. पण या घरात जनावराला सांगितलेलं माणसासाठी असतं, आणि वादविवाद स्पर्धा म्हणजे काय हे या घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलगी भाषण करून, सकाळीच कार्यक्रम म्हणून, मैत्रिणीच्या खोलीवर मुक्कामाला शहरात निघून गेली. मुंजाबा टिप्यासमोर येऊन बसला.

"टिप्या, राजीच्या आईला सांग, पोरीची फी थकलीया."

"टिप्या, म्हनावं आइकलं म्या. एडक्याला एवढं वरडून तर आजवर म्या बी कधी बोलले नाय."

"घामाचा थेंब म्हनली."

"मान खाली घालून बसती म्हनली. माझी पोर!" आक्काबाईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. "टिप्या, इचार त्याला, आता काय करतो?"

मुंजाबाजवळ रोख काही नव्हतं. लोकर अजून विकायची होती, जत्रा लांब होती. पण त्याच्याजवळ मेंढरं होती, आणि मेंढरांनी देणं फेडायची त्याच्या जातभाईंची जुनी पद्धत होती. शेतकरी मेंढरं आपल्या रानात रात्रभर बसवून घेतात. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, आणि शेतकरी धनगराला धान्य देतो. आधी मेंढरं बसवायची, हिशेब मागून. याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. कॉलेजला मोठं मैदान होतं. त्यात गवताची काडी उगवत नाही, हे राजीनेच एका कोकराला सांगितलेलं त्याला आठवलं.

"टिप्या," तो उठत म्हणाला, "तिला म्हनावं, बिऱ्हाड घोड्यावर टाक. फी भरून येऊ."

दिवस मावळायच्या सुमारास कळप दिल्ली दरवाज्यातून शहरात शिरला आणि कॉलेजच्या फाटकाशी आला. तिथे बंदोबस्ताला सांडू हवालदार होता.

"ओ पाव्हणं, मागं फिरा. जमावबंदी हाय."

"म्हंजी?"

"पाचाच्या वर जमायचं नाय."

मुंजाबाने वळून कळपाकडे पाहिलं. "मानसं का मेंढरं?"

हवालदाराने खिशातून हुकमाचा कागद काढला आणि दिव्याखाली धरून वाचला. "हितं 'इसम' लिवलंय."

"इसम म्हंजी मेंढरू?"

"नाय बा. इसम म्हंजी मानूस."

"मंग आमी दोघंच इसम. नवरा-बायकू. ह्यो टिप्या."

हवालदाराला कायद्यात खोट सापडेना. तरी त्याने खात्री करून घेतली. "ह्यो मोर्चा तर नाय ना? नामांतराच्या बाजूचा, नायतर इरोधातला?"

"मोर्चा नाय. पन इचारलं म्हनून सांगतो. ज्या मानसानं गरिबाच्या पोरांला शिका म्हनून सांगितलं, त्याचं नाव शिकायच्या जागेला द्यायला एवढा इचार कशापायी?"

हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझंबी तेच म्हननं हाय. पन मी ड्युटीवर हाय."

एवढ्यात कॉलेजचा शिपाई कडुबा आतून पळत आला. नानासाहेब सर आपल्या फुलंब्रीच्या रानात मेंढरं बसवण्यासाठी महिनाभर मुंजाबाच्या मागे लागले होते आणि निरोप कडुबाच पोचवत होता. सरांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "मुंजाबा कधी मेंढरं घेऊन आला तर परत जाऊ देऊ नको."

"आला का बाबा एकदाचा!" म्हणत कडुबाने फाटकाची दोन्ही दारं उघडली.

सकाळी राजाबाई मैत्रिणीची साडी नेसून, भाषण पुटपुटत कॉलेजजवळ आली तेव्हा तिला ओळखीचं खोकणं ऐकू आलं. माणसाचं नव्हे, मेंढराचं. म्हातारा एडका असाच खोकायचा. तिने मान झटकली आणि फाटकातून आत पाहिलं.

मैदानभर मेंढरं बसली होती. मंडपाच्या झेंडूच्या माळा नाहीशा झाल्या होत्या. आंब्याच्या डहाळ्यांचे दांडे उरले होते. फुलांनी लिहिलेल्या 'सुस्वागतम्'पैकी 'सु' तेवढं शिल्लक होतं, कारण ते उंचावर होतं. व्यासपीठावर एक कोकरू अध्यक्षांच्या खुर्चीखाली झोपलं होतं. मेंढरांच्या जाळीशी तीन दगडांच्या चुलीवर तिची आई भाकरी थापत होती.

नानासाहेब सर स्कूटर लावून आले आणि जागेवरच थिजले. "कडुबा! हे काय आहे?"

"तुमचीच मेंढरं की, सर."

सर तडक फुलंब्रीला पोचले. "आरं माझ्या रानात बसवायची हुती ती! कालेजात न्हवं!"

मागून प्राचार्य आले होते. "नानासाहेब, ही मेंढरं तुमची आहेत?"

"नाही, सर. म्हणजे हो. म्हणजे बोलणी चालू आहेत."

मुंजाबा पटका सारखा करत पुढे आला आणि प्राचार्यांना रामराम घातला. "साहेब, राजाबाईची फी भरली."

"कुठे भरली?"

"ही काय, समद्या मैदानात." मुंजाबाने अभिमानाने हात फिरवला. "तुमच्या पायाखाली बी हाय थोडी."

प्राचार्यांनी चप्पल उचलून पाहिली आणि पुन्हा टेकवली. दुसरीकडे टेकवायला तरी जागा कुठे होती?

"कमी पडत आसंल तर आनखी चार राती बसवतो," मुंजाबा म्हणाला. "पुढल्या साली बघा, गवत कमरंला लागंल."

"हे सगळं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

पण त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची मोटार फाटकात आली. पाहुणे चिकलठाण्याचे कारखानदार, मोटार लांबलचक. तिच्यामागे विद्यार्थ्यांची गर्दी. मेंढरं बाहेर पडल्याशिवाय मोटार आत येईना, आणि मोटार हलल्याशिवाय मेंढरं बाहेर पडेनात. मागची गर्दी पाचाच्या कितीतरी वर होती आणि ते सगळे इसम होते, त्यामुळे सांडू हवालदाराने तिच्याकडे पाठ करून उभं राहणं पसंत केलं. शेवटी पाहुणे उतरले आणि धोतर सावरत चालत आले. हार एडक्याने खाल्ला होता, म्हणून त्यांचं स्वागत नुसत्या नारळावर झालं.

"तिसऱ्यांदा पुढे ढकलायची नाही," प्राचार्य दात आवळून म्हणाले. "सुरू करा. पहिली कोण?"

पहिली राजाबाई होती.

ती व्यासपीठावर चढली. समोर विद्यार्थी, त्यांच्यामधून मेंढरं, आणि अगदी पुढे जमिनीवर मांडी घालून तिचा बाप. त्याच्या चेहऱ्यावर देणं फिटलेल्या माणसाचं समाधान होतं.

"अध्यक्ष महोदय, शासनाने शिक्षण मोफत करू नये, असं माझं मत आहे. ज्याची फी थकली आहे, तो विद्यार्थी..." तिची नजर बापाकडे गेली. "तो वर्गात मान खाली..."

मुंजाबा उठून उभा राहिला. "राजी, थांब. मला पाठ हाय ते. पन भरली आता फी! चारचौघांत पुन्यांदा कशाला?"

हशाने मंडप हलला. उरलेलं 'सु'सुद्धा खाली पडलं आणि एका मेंढीने ते उचललं. राजाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

नानासाहेब सर धावले. "बाबा, अहो ते तिचं मत नाही. चिठ्ठीत निघालं."

"कसली चिठ्ठी?"

"दोन चिठ्ठ्या टाकायच्या. जी बाजू निघेल त्या बाजूने बोलायचं."

"मनात नसलं तरी?"

"मनात नसलं तरी."

"आनि लोकांला पटवायचं?"

"पटवायचं. चांगलं पटवलं तर बक्षीस."

मुंजाबाने बराच विचार केला. "टिप्या," तो म्हणाला, "राजीच्या आईला सांग, शिकलेल्या मानसांचं आसं आसतं."

पाहुण्यांना भलतीच मजा वाटायला लागली होती. "बाबा, तुम्ही तर चिठ्ठी उचललेली नाही. तुम्हीच सांगा. सरकारने कॉलेज फुकट करावं का?"

"मला कळतंय ते सांगतो, साहेब. रानात मेंढरं बसवली तर रानवाला आमाला धान्य देतो. कामून? पीक त्याचं येतं. आता पोरगी शिकली तर पीक कुनाचं? मास्तरीण झाली तर लोकांची पोरं शिकवंल, नर्स झाली तर लोकांला सुया टोचंल. मी आपला मेंढरामागं. मंग ज्याचं पीक त्यानं द्यावं का नाय? खरं तर कालेजानंच मला जवारी द्याया पायजे!"

विद्यार्थ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मेंढरं दचकून उठली आणि पुन्हा बसली. नानासाहेब सरांमधला अर्थशास्त्री मात्र आता जागा झाला होता.

"बाबा, नीट ऐका. विषयात 'सर्वांना' असं आहे. म्हणजे या पाहुण्यांच्या मुलालाही फुकट. ज्याच्या दारात मोटार, त्याची फी तुमच्या-माझ्या करातून?"

मुंजाबा गडबडला. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. "ह्यांच्या पोराला? नाय बा. ते नाय पटत."

"मग हरलात!" सर आनंदाने ओरडले.

"हरलो," मुंजाबाने प्रामाणिकपणे कबूल केलं. मग डोकं खाजवलं. "पन सर, कुनाला द्यायचं आन कुनाला नाय, हे ठरवनार कोन? तलाठी?"

"अर्थात. तलाठी दाखला देईल."

"त्याला आमी सापडतच नाय. ज्याला मोटार हाय त्यो बरुबर सापडतो."

आता गडबडायची पाळी सरांची होती. "ते... तो अंमलबजावणीचा मुद्दा आहे. पण तत्त्व म्हणून सांगतो, फुकट दिलं की माणसाला किंमत राहत नाही!"

चुलीपाशी भाकरी थापणारे हात थांबले.

"टिप्या," आक्काबाई पीठ झटकत म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, "ह्या सरांला इचार, त्येंच्या फुलंब्रीच्या रानात मेंढरं फुकट बसीव म्हनून महिनाभर निरोप कोन धाडीत हुतं?"

टिप्याने सरांकडे पाहिलं. मग सगळ्या कॉलेजने सरांकडे पाहिलं.

"वळखीपाळखीत म्हनलं हुतं गं बाई!" सर पुरते फुलंब्रीत उतरले. "पोरगी माझ्या वर्गात हाय, म्हनून म्हनलं!"

"व्हय सर," कडुबा मदतीला आला. "'फुकट' ह्यो शब्द मीच दर खेपेला नेला."

प्राचार्यसुद्धा हसले. पाहुणे तर रुमालात तोंड घालून बसले. नानासाहेब सर क्षणभर लाल झाले, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि ते हसत हसत मुंजाबाच्या शेजारी जमिनीवर बसले. कुठे बसतोय हे न बघता बसले, ही चूक त्यांच्या पांढऱ्या विजारीला भोवली.

"हे बघा, बाबा," ते म्हणाले, "सरकार ठरवील तेव्हा ठरवील. उद्या शुक्रवार आहे. आज दुपारीच मेंढरं माझ्या रानात न्या. गावात जे देतात ते मी देतो, धान्य नको असेल तर रोख. त्यातून पोरीची फी आत्ताच भरून टाकतो. कबूल?"

राजाबाईने तोंडावरचे हात काढले.

पण मुंजाबा कबूल म्हणाला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मघापासून कुठेतरी गळून गेलं होतं.

"थांबा, सर. घाई झाली माझी. पोरगी एडक्याला बोलली, ते मला वाटलं, मलाच बोलली. मला वाटलं, पोरीला शिकायचंय, म्हनून फी भर म्हनती. पन ते तर चिठ्ठीत निघालं हुतं. मंग तिच्या मनातलं मला कुठं ठावं हाय?" तो व्यासपीठाकडे वळला, पण मुलीच्या डोळ्याला डोळा न देता त्याने खाली पाहिलं. "टिप्या, हिला इचार. मनात नसंल तर तसं सांग म्हनावं. राग नाय. पैठणकडं पानी हाय, चारा हाय. दोन पावसाळे म्या उगंच हिच्यासाठी हितं थांबून ऱ्हायलो, आसं समजू."

दोन पावसाळे. आक्काबाईने चुलीवरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली.

टिप्या सवयीने पुढे आला, व्यासपीठाची पायरी चढला आणि बाप-लेकीच्या मधे शेपटी हलवत बसला. साऱ्या मैदानात आता फक्त रवंथ चालू होता.

राजाबाईच्या हातातलं भाषण एका कोकराने केव्हाच ओढून नेलं होतं. तिने ते परत मागितलं नाही. ती टिप्याला ओलांडून खाली आली आणि बापाच्या इतक्या जवळ उभी राहिली की त्याला वर बघावंच लागलं.

"आबा," ती म्हणाली, "मला शिकायचंय. तुमच्या मेंढरांनी फी भरली तरी, सरकारनं भरली तरी, नाय तर कुनीच नाय भरली तरी. मला लई शिकायचंय, आबा."